तीन दिवसांचा रुसवा

अत्तरकाकूंनी पिशवीतून दोन कुप्या काढल्या आणि टेबलावर हातभर अंतर राखून ठेवल्या. भांडकुदळ पोरांना वेगवेगळ्या बाकांवर बसवावं, तशा.

"दोन्ही चावऱ्या आहेत, आधीच सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "डावीकडची भुंकते. उजवीकडची भुंकत नाही, सरळ चावते."

"मग घेऊ कुठली?" धाकटीने विचारलं.

"ते मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही. अत्तर करणाऱ्याने अत्तर करावं नि गप्प बसावं. नको असेल ती परत दे, बाटली धुऊन पुन्हा वापरीन." एवढं बोलून काकूंनी शाल कानांवरून घट्ट ओढली आणि आल्या तशा निघून गेल्या.

धाकटी पन्नाशीला टेकली होती. केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, पण डोक्यावर थोरला भाऊ असल्यामुळे घरात आणि कारखान्यात ती अजून धाकटीच होती. पुढे रस्त्याच्या अंगाला हातमोज्यांचं दुकान, मागे कारखाना. कारखाना म्हणजे दोन लांब टेबलं, दोन शिवणारणी, कातडं कापणारे मामा आणि भिंतीला ओळीने लावलेले लाकडाचे हात. शिवून झालेला मोजा त्या हातांवर चढवायचा, दाबून आकाराला आणायचा. संध्याकाळी दिवस मावळायला आला की ती हातांची रांग अशी दिसायची, जणू भिंतीपलीकडून बरीच माणसं काहीतरी मागताहेत.

या घराची ओळख होती ती 'थंडीची जोडी'. आत लोकरीचं अस्तर, आणि त्या अस्तराला चामड्याच्या अत्तराचा थेंब. चामड्याचं अत्तर चामड्याच्याच मोज्याला कशाला, असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "कमावलेलं कातडं म्हणजे झोपलेलं जनावर. आणि थंडीत वास अंग चोरून बसतो. तिथे फुलाबिलांचं काम नाही. दांडगं काहीतरी हवं, जे हाताच्या उबेला आळस देत उठेल आणि शेजारी येऊन बसेल."

दर वर्षी काकू दोन कुप्या आणायच्या, कारण दर वर्षीचा माल निराळा, डांबर निराळं, मध निराळा. बाबा त्यातली एक निवडायचे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी निवडलेली शेवटची कुपी दोन हिवाळे पुरली. यंदा धाकटीने ती उपडी केली, तर एक थेंब आला आणि तोही तोंडाशी येऊन थबकला.

थोरल्याला हा वासाचा खटाटोप मुळातच नको होता. शहरातल्या एका मोठ्या दुकानाने पत्र पाठवलं होतं. सगळ्या जोड्या आम्ही उचलू, पण वास नको, हल्ली लोकांना वास सोसत नाहीत. पत्र त्याने घडी घालून खिशात ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा तो खिसा चाचपत होता.

"यंदा कर तुझ्या मनासारखं," तो म्हणाला. "पण जोड्या परत आल्या, तर पुढच्या वर्षापासून बिनवासाच्या. बाबांची पेटी माळ्यावर. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"घालणार नाही," धाकटी म्हणाली. पेटी म्हणजे ती लाकडी पेटी, जिच्यात अत्तर लावलेल्या जोड्या दोन दिवस बंद ठेवायच्या. तिच्या झाकणावर बाबांच्या बोटांनी दोन खळगे पाडले होते. त्या खळग्यांत धाकटीची बोटं बरोबर बसत. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

कामाच्या टेबलावरच तिने दोन्ही कुप्या उघडल्या. कातड्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, एकेक थेंब सोडला. मामांना हाक मारली. मामा तीस वर्षांचे असताना इथे आले होते, आता सत्तरीत होते, आणि कातड्यावर नुसता अंगठा फिरवून जनावराचं वय सांगायचे.

डावीकडची पट्टी नाकाशी नेल्याबरोबर धाकटीच्या डोक्यात धूर भरला. झाडाच्या सालीचं डांबर, जळकं लाकूड, घोड्याचा तबेला. ठसका लागला.

"ही बोलते," मामा म्हणाले.

उजवीकडच्या पट्टीत मात्र काहीच नव्हतं. म्हणजे मध होता, थोडं मेण होतं, आणि त्याच्यामागे नुसतीच रिकामी जागा.

"मध," मामा म्हणाले. "हातमोज्यात मध कशाला? मुंग्या लागतील."

शिवणारणी हसल्या. धाकटीने आणखी एकदा हुंगून पाहिलं. मध. काकू म्हणाल्या होत्या चावते म्हणून. काकूही म्हाताऱ्या झाल्या, तिच्या मनात आलं, आणि तिने उजवीकडच्या कुपीला बूच लावलं.

बाबा एका मोज्याला एक थेंब लावायचे. धाकटीने एक लावला, हुंगलं, तिला तो पुरेना. दोन लावले. शेवटी तीनवर येऊन ती थांबली. बारा जोड्या पेटीत गेल्या, दोन दिवसांनी दुकानात आल्या आणि आठवडाभरात विकल्या गेल्या. थोरल्याने खिसा चाचपला नाही.

मग टपालवाल्या बाई आल्या. त्या दर हिवाळ्याला एक जोडी न्यायच्या, त्यांच्या आधी त्यांचे वडील न्यायचे. त्यांनी जोडी कागदात गुंडाळून आणली होती, वर दोरी बांधून. कागदही एक नव्हता, तीन होते.

"ताई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "दार वाजवलं की लोक पत्र घ्यायच्या आधी विचारतात, कुठे आग लागली का. परवा एका आजोबांनी माझ्या हातून मनिऑर्डर घेतली आणि शेजारच्यांना बाहेर बोलावलं."

"एवढा येतो वास?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला येत नाही?"

धाकटीने दोरी सोडली, मोजा नाकाशी नेला. धुराचा होता वास, पण आग लागल्यासारखा? त्या आठवड्यात आणखी सात जोड्या परत आल्या. शेवटची आणून देणाऱ्या शिंप्याने ती दुकानात आणलीच नाही, उंबऱ्याबाहेर ठेवून घंटी वाजवली.

थोरल्याने आठही जोड्या काउंटरवर मांडल्या. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "बाबांना नाक होतं. आपल्याला नाही. ते मान्य करण्यात लाज कसली?"

"आपल्याला नाही म्हणजे मला नाही, असंच ना?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मनात म्हटलंस."

"मनातलं कधीपासून ऐकू यायला लागलं तुला? वास येत नाही, पण मनातलं ऐकू येतं." तो माळ्याची शिडी आणायला वळला.

धाकटीला भरून आलं, आणि भरून आलं की तिला राग यायचा. तिने खुंटीवरचा कोट ओढला, दोन्ही कुप्या पिशवीत टाकल्या, म्हणजे त्याच्या हाती लागायला नकोत, आणि दुकानाच्या दारातून सगळ्यांच्या देखत चालती झाली.

"कुठे निघालीस?"

"आत्याकडे."

कापणारे मामा कात्री हवेत धरून म्हणाले, "घ्या. बापाच्या वळणावर गेली."

ते खरंच होतं. बाबा दर वर्षी असेच जायचे. हिवाळा तोंडावर आला की एके दिवशी आईशी भर कारखान्यात भांडण व्हायचं. कारण काहीही चालायचं. वरणात मीठ, खिडकीची कडी, सुईची डबी. बाबा टोपी घालून तरातरा बहिणीकडे निघून जायचे आणि तीन दिवसांनी काहीच झालं नाही असे परत यायचे. पोरांना आधी रडू यायचं, मग सवय झाली. नवल एवढंच वाटायचं की आई रुसायची नाही. ती सुई ओवून बसायची आणि गुणगुणायची, ओठ दाबून हसत:

*पहिला माझा टाका, अंगठ्याच्या मुळापाशी*
*रुसून गेला धनी, बहिणीच्या चुलीपाशी*

आत्याचं घर बसच्या शेवटच्या थांब्यावरून चढ चढून वर, तळ्याच्या काठाला होतं. आत्या शाळेत शिकवायची, निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी समोरच्याला विद्यार्थीच समजायची. एवढ्या थंडीत घराच्या चारी खिडक्या सताड उघड्या होत्या. ती दारात उभी होती, पण तिने धाकटीला आत येऊ दिलं नाही.

"कोट तिथे पडवीत टांग. साडीही बदल, माझी देते. केस धू. मग आत ये."

"आत्या, मी भांडून आलेय."

"उत्तम. कुप्या आणल्यास?"

धाकटी तशीच उभी राहिली. "कुप्यांचं तुला कसं कळलं?"

"न आणता आलीस तर आलीस कशाला?" आत्या म्हणाली. "तुझा बाप तीन दिवस आधी कळवायचा तरी. तू दोन वर्षं लावलीस. मी वाट बघून बघून सोडून दिलं होतं, की या पोरीला बापाने सांगितलं नसावं."

"काय सांगितलं नसावं?"

आत्याने मग तिला पडवीतल्या बाकावर बसवलं. स्वतः समोर बसली, हातात हात घेतला, उलटापालटा करून हुंगला आणि नाक मुरडलं.

"तुझ्या हाताला कसला वास येतो?"

"कसलाच नाही."

"मला विचार. मला इथपर्यंत चामडं येतंय. तू त्यात जन्मलीस, त्यात जेवलीस, त्यातच झोपतेस. मासळीवाल्याला मासळीचा वास येतो का? तुझ्या नाकाला चामडं कळतच नाही, बाई. तुझ्या बापालाही कळायचं नाही. कारखान्यात बसून चामड्याचं अत्तर हुंगलं की त्यातलं चामडं गळून जातं, उरेल तेवढंच कळतं. म्हणून तो इथे यायचा. तीन दिवस वाऱ्यावर राहायचा. नाक धुवायला."

"आणि ते भांडण?"

"कसलं भांडण? दोघांनी आदल्या दिवशी ठरवलेलं असायचं, कशावरून भांडायचं ते. एकदा तर विषय सुचेना म्हणून मला पत्र पाठवून विचारलं." आत्या हसली. "हातमोजेवाल्याला चामड्याचा वास येत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायचं होय? कारागिरांना कळलं असतं तर गावभर झालं असतं. भांडणाला कोण काही विचारत नाही. नवराबायकोचं आहे म्हणून लोक उलट मान वळवतात."

धाकटी तळ्याकडे बघत राहिली. आईची ओवी तिथेच संपत नव्हती, पुढे आणखी होती. शेकडो वेळा ऐकलेली, कधी लक्ष न दिलेली:

*दुसरा माझा टाका, करंगळीच्या टोकाला*
*तीन दिवसांचा राग, वारा लागू दे नाकाला*

आई सगळ्यांच्या तोंडावर सांगत होती, दर वर्षी, आणि म्हणून हसत होती. धाकटीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे वाहू लागले. आत्याने पदर पुढे केला नाही. "वाहू दे," म्हणाली, "नाक मोकळं होतं."

"बाबांनी मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होता. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या खेपेला धाकटीला घेऊन येतो. पुढची खेप आहेच, असं वाटतं माणसाला."

तीन दिवस आत्याने तिला राबवलं. लाकडं फोड, अंगण झाड, तळ्याला वळसा घालून ये. कांदा बंद, चहा बंद, साबणसुद्धा बिनवासाचा. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कुऱ्हाड चालवताना लाकडाच्या आतून ओलसर, गोडूस असं काहीतरी आलं आणि धाकटी थांबली. मग पाण्याचा वास आला. पाण्याला वास असतो, हे ती विसरूनच गेली होती. संध्याकाळी ती पडवीत गेली, तर खुंटीवर कुणीतरी अनोळखी माणूस लटकावून ठेवावा तसा तिचा कोट होता. उग्र, ओला, जिवंत. हा वास अंगावर घेऊन आपण बसमध्ये बसलो होतो, आणि शेजारच्या बाई उठून मागे गेल्या होत्या, त्या का गेल्या हे तिला आत्ता कळलं. तिला लाज नाही वाटली. तिने कोटाच्या बाहीत तोंड खुपसलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. त्या बाहीत बाबाही होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. आत्याने लोकरीचे जुने दोन हातमोजे दिले. धाकटीने डाव्याच्या तळव्याला डाव्या कुपीतला एक थेंब लावला, उजव्याला उजव्या कुपीतला. हातात घातले आणि तळ्याच्या वाटेने चालू लागली. पळभर वाट पाहिली, हातांना ऊब येऊ दिली.

आधी डावा. नाकापर्यंत न्यावाच लागला नाही. कोपर वाकवल्याबरोबर आगीच्या बंबासारखा अंगावर आला. डांबर, धूर, जळलेला तबेला. आणि तबेल्यात घोडा नव्हता. एकही जनावर नव्हतं, सगळी पळून गेली होती. टपालवाल्या बाई किती सभ्यपणे बोलल्या, तिला वाटलं. असे तीन थेंब, प्रत्येक हाताला.

मग तिने डावा मोजा काढून दगडावर ठेवला, दूर जाऊन तोंडावर वारा घेतला आणि उजवा हात वर उचलला.

मध. बरोबर, मध होता. पण त्याच्यामागे जी रिकामी जागा वाटली होती, ती आता रिकामी नव्हती. तिथे कुणीतरी होतं. आधी उबदार केस, पाठीचे. मग मानेखालचा घाम, गवतात लोळून आलेल्या अंगाचा. मग त्याहून खोल, थोडं घाणेरडं, थोडं गोड, तोंडाशी आलेल्या श्वासासारखं काही. धाकटीने हात झटकन खाली घेतला. तिला सरळ भीती वाटली. पुन्हा वर नेला. ते जनावर गेलं नव्हतं. ते उठून, आळस देऊन, तिच्या मनगटापाशी येऊन बसलं होतं आणि कुणाचा हात आहे ते बघत होतं.

भुंकत नव्हतं. काकूंचं म्हातारपण अजून पुष्कळ लांब होतं.

"कुठली?" आत्याने दारातून विचारलं.

"उजवी."

"झेपेल लोकांना?"

धाकटीने विचार केला. पाणी घालता आलं असतं. अर्धा थेंब लावता आला असता. थोरल्याला चालेल, मोठ्या दुकानालाही चालेल असं काहीतरी गुळमुळीत करता आलं असतं, आणि मग ते असलं काय नि नसलं काय.

"एक थेंब," ती म्हणाली. "पण पुरा एक. कमी नाही."

कारखान्यात परतल्यावर तिने दोन जोड्या केल्या आणि पेटीत दोन दिवस ठेवल्या. पेटी थोरल्याने खरंच माळ्यावर चढवली होती. तिने शिडी लावली आणि स्वतः उतरवली, कुणाची मदत न घेता. एक जोडी टपालवाल्या बाईंना दिली. "परत आणायची तर खुशाल आणा. पण तीन कागद नकोत, एकातच गुंडाळा." बाईंनी संशयाने पिशवीत टाकली.

दुसरी जोडी तिने थोरल्यापुढे धरली. तो कारखान्याच्या मधोमध उभा होता. त्याने हुंगली.

"मध," तो म्हणाला.

"मुंग्या," मामांनी टेबलावरून भर घातली.

"यापेक्षा बिनवासाच्या काय वाईट?" थोरल्याने खिशातून पत्र काढलं. "मी उद्या उत्तर पाठवतोय."

धाकटी त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, तू इथे उभा राहून ठरवू नकोस. तीन दिवस आत्याकडे जा. ही जोडी घेऊन जा. तिसऱ्या दिवशी सकाळी घाल. मग जे म्हणशील ते मी ऐकेन. पेटी मी माझ्या हाताने माळ्यावर ठेवेन."

"ऐन हंगामात? तळ्याकाठी बसून मी काय करू, बदकं मोजू?"

"लाकडं फोड."

"तुला वेड लागलंय." तो वळला. मामांची कात्री थांबली होती. शिवणारणींच्या सुया थांबल्या होत्या. सगळं सांगायचं तर चौघांच्या कानांवर जाणार होतं, आणि बाबांनी चाळीस वर्षं जपलेली गोष्ट अशी मधोमध ओतायला ती तयार नव्हती.

मग धाकटीने पदर खोचला.

"बरोबर आहे," ती मोठ्याने म्हणाली, "तू कशाला जाशील? आत्या आजारी होती तेव्हाही गेला नव्हतास. लहानपणी तिची काचेची बरणी फोडलीस आणि नाव माझं सांगितलंस. अजून तिला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून जात नाहीस."

"बरणी तू फोडलीस."

"मी होते पाच वर्षांची. बरणी होती फळीवर. मी काय उडाले?"

थोरल्याचे कान लाल झाले. "पंचेचाळीस वर्षं झाली त्याला. इतक्या माणसांत बरणी काढतेस?"

"काढते. जा आणि विचार तिला. आज, आत्ता. हिंमत असेल तर."

"जातो," थोरला गरजला. "जातोच. आणि खरं काय ते तिच्या तोंडून वदवून आणतो." त्याने कोट चढवला. धाकटीने पुढे होऊन त्याची कॉलर नीट केल्यासारखं केलं आणि जोडी त्याच्या खिशात सरकवली, त्या पत्राच्या शेजारी. तो घंटी वाजवत बाहेर पडला.

धाकटी टेबलाशी बसली. सुई ओवली. ही शेवटची संधी होती, आणि ती तिने एका फुटक्या बरणीवर लावली होती. मग आपोआप ओठांवर आलं, पहिला माझा टाका, अंगठ्याच्या मुळापाशी.

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "वहिनीसुद्धा हेच म्हणायच्या, मालक रुसून गेले की. मला वाटायचं, नवरा घराबाहेर गेला म्हणून बाई खूश आहे."

"असेल तसंही," धाकटी म्हणाली, आणि टाका घातला.

तीन दिवस तिने शिवण सोडली नाही. चौथ्या दिवशी सकाळी टपालवाल्या बाई पत्रं घेऊन आल्या. हातात नवी जोडी होती, म्हणजे घातलेली होती. धाकटीने त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, गुंडाळलेला कागद दिसेना.

"तक्रार आहे," बाई म्हणाल्या. "कुत्री मागे येतात. आमच्या रस्त्यावरची सगळी. एक तर दारापर्यंत पोचवून गेलं."

"मग परत देता?"

"छे." बाईंनी हात मागे घेतले. "येऊ देत की. एरवी कोण येतं माझ्याबरोबर?" जाता जाता त्या थांबल्या. "रात्री मोजे उशाशी ठेवते. घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

त्या बाहेर पडल्या आणि धाकटीला काचेतून थोरला दिसला. बसमधून उतरून रस्ता ओलांडत होता. हात कोटाच्या खिशांत होते, म्हणून काही कळेना. त्याने दुकानाचं दार उघडलं, दुकान ओलांडलं, आणि कारखान्याच्या उंबऱ्याशी आला नि तिथेच खिळला. एक पाय आत, एक बाहेर.

त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. त्याने भिंतीवरच्या लाकडी हातांकडे पाहिलं, कातड्याच्या थप्प्यांकडे पाहिलं, जणू कुणाच्या तरी घरात चुकून शिरला आहे. मग त्याने खिशातून हात काढून तोंडाशी नेले. मोजे हातात होते.

"बरणी मीच फोडली होती," तो म्हणाला. "आत्या म्हणते."

"मला माहीत आहे."

"आणि हा..." त्याने कारखान्यावरून हात फिरवला. "हा वास. हा आपला आहे? बाबा... बाबांच्या कोटाला..."

मामांची कात्री पुन्हा थांबली. धाकटी चटकन उठली आणि त्याच्या नि मामांच्या मधे येऊन उभी राहिली.

"कितींना लावू?" तिने नेहमीच्या आवाजात विचारलं.

"सगळ्यांना." त्याने पत्र काढून तिच्या हातात दिलं, न बघता. "त्यांना लिही, वास असलेल्याच आहेत, हव्या तर घ्या." मग तो पुढे पाऊल टाकू लागला.

धाकटीने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि आवाज उतरवला. "थांब. आत नको येऊस एवढ्यात."

"का?"

"आत आलास की दुपारपर्यंत जाईल हा वास. पुन्हा वर्षभर येणार नाही." तिने दारापाशी स्टूल सरकवलं. "बस इथे. येतोय तोवर घे."

थोरला उंबऱ्याशी स्टुलावर बसला, मोजे घातलेले हात गुडघ्यांवर ठेवून. धाकटी आत गेली, पेटीपाशी. झाकणावरच्या दोन खळग्यांत बोटं घातली आणि उघडलं.